कागाळ्या गोळा करणारी सून

आमची सूनबाई काय काम करते असं कुणी विचारलं की मी सांगते, कागाळ्या गोळा करते. ऐकणाऱ्याला वाटतं सासू सुनेवर तोंडसुख घेतेय. तोंडसुख घ्यायचं असतं तेव्हा मी ते तोंडावर घेते, हे आमच्या जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना ठाऊक आहे. इथे मी नुसतं खरं सांगतेय. तिच्या ऑफिसात त्या कागाळ्यांना लॉग म्हणतात. मला तो शब्द रुचेना, म्हणून मी माझा दिला, आणि आता तीही मैत्रिणींना फोनवर सांगते, "थांब गं, जरा कागाळ्या बघते नि मग बोलते."

ती ज्या ठिकाणी नोकरीला आहे ते औषधांचं गोदाम. तिथे लशी आणि तसली नाजूक औषधं ठेवायच्या थंड खोल्या आहेत, फाटक उघडणारं यंत्र आहे, जनरेटर आहे, माल वर नेणारी लिफ्ट आहे, बिलं करणारा कॉम्प्युटर आहे. ही सगळी यंत्रं दिवसभर आपल्याशीच पुटपुटत असतात. फाटक उघडलं. फाटक लागलं. तेल कमी आहे. लिफ्ट मध्येच थांबली. प्रत्येक पुटपुटणं म्हणजे एक ओळ, आणि ओळीच्या आधी वेळ. पूर्वी ज्याचं पुटपुटणं त्याच्यापाशीच राहायचं. काही बिघडलं की माणसाने उठायचं, त्या यंत्रापाशी जायचं, आणि हा बाबा काय म्हणत होता ते त्याच्या पडद्यावर वाचायचं. तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

सूनबाईने प्रत्येक यंत्रामागे एक छोटासा प्रोग्राम लावून दिला. ती त्याला निरोप्या म्हणते. यंत्राने ओळ लिहिली रे लिहिली की निरोप्या ती उचलतो आणि क्लाउडवर धाडतो. क्लाउड म्हणजे ढग असं तिने मला सांगितलं तेव्हा मी खिडकीतून वर पाहिलं होतं. प्रत्यक्षात तो कुठेतरी लांब ठेवलेला दुसऱ्याचा कॉम्प्युटर निघाला, भाड्याने घेतलेला. तिथे सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक लागतात आणि प्रत्येकीला रंग मिळतो. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे काहीतरी चाललंय, नजर असू द्या. लाल म्हणजे धावा. लाल आला की तिचा फोन असा काही कोकलतो की माझ्या हातातली सुई खाली पडते. कुठली ओळ कुठल्या रंगाची, हे ठरवायचं काम तिचं.

या कामात ती तरबेज का, ते मला तिच्या माहेरी गेल्यावर कळलं. पाच भावंडांतली ती थोरली. वडील बस चालवायचे, आई दवाखान्यात नर्स, आणि दोघांच्या पाळ्या कधी जुळायच्या नाहीत. मग कुणी कुणाला चिमटा काढला, कुणी कुणाची पेन्सिल तोडली, सगळे खटले हिच्या दरबारात. ती मला एकदा म्हणाली, "आई, भांडणात कोण काय म्हणालं त्यापेक्षा आधी कोण म्हणालं ते महत्त्वाचं. तेवढं कळलं की अर्धं भांडण मिटतं."

नोकरीच्या सुरुवातीला तिला हेच नडलं होतं. प्रत्येक यंत्राचं घड्याळ निराळं! फाटकाचं पुढे, जनरेटरचं मागे, आणि लिफ्टचं तर बहुधा मागच्या वर्षीच बंद पडलेलं. सगळ्या ओळी एकत्र लावल्यावर असं दिसायला लागलं की ट्रक आधी माल घेऊन बाहेर पडला, मग आत आला, आणि माल खाली उतरला त्यानंतर. मी म्हटलं, आमचे हे गोष्ट सांगतात ती अशीच असते. ती खो खो हसली, आणि मग आठवडाभर बसून तिने सगळ्यांची घड्याळं एका वेळेवर आणली.

घरात मात्र तिच्या कारभाराला शिस्त म्हणून नाही. डब्यांना झाकणं लावणं तिच्या गावीच नसतं. साखर, चहा, डाळ, सगळे डबे आ वासून बसलेले. ओला टॉवेल खुर्चीवर, चष्मा फ्रीजवर, आणि ही तो शोधत माझ्यासमोरून तीनदा जाणार. मी बोलते, ती "हो आई" म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा उघडे. पण माणसाचं ऐकून घ्यावं तर तिने. मी बोलायला लागले की ती हातातलं काम खाली ठेवते. आमच्या घरात ही सवय तिच्याआधी कुणालाच नव्हती, माझ्या पोटच्या मुलालाही नाही. तो छपाईची यंत्रं बसवायला गावोगाव फिरतो, फोनवरसुद्धा त्याचं अर्धं लक्ष स्क्रूकडे असतं. एकदा मी आणि हे पंख्यावरून भांडत होतो, तर ती मध्ये उभी राहून म्हणाली, "आई, बाबा, तुम्ही दोघं एकच म्हणताय. फक्त आई कालचं बोलतायत आणि बाबा आजचं." मला तर तेव्हाच ती आवडली होती. सून आवडते असं सासूने उघड म्हणू नये म्हणतात, पण मी म्हणते.

आता आमच्या ह्यांच्याविषयी. ह्यांचा सगळा जन्म त्याच गोदामात गेला. लागले ते थंड खोल्यांचे वायरमन म्हणून. मग कॉम्प्युटर आले, तेव्हा पुस्तकं आणून, डोकं खाजवून, चुकत माकत प्रोग्राम लिहायला शिकले, आणि खोल्यांवर नजर ठेवणारा प्रोग्राम एकट्याने लिहिला. त्यातल्या सगळ्या ओळी मराठीत. अक्षरं इंग्रजी, बोली आपली. खोली तापायला लागली की पडद्यावर यायचं, "उकडतंय". दार उघडं राहिलं तर "दार लावा". काही तक्रार नसेल तर दर थोड्या वेळाने "बरं आहे". हे म्हणायचे, गोदामात रात्रंदिवस राबणाऱ्या माणसाला आकड्यांची भाषा कशाला? यंत्राने माणसासारखं बोलावं. गोदामात ह्यांना भाऊ म्हणत, म्हणून स्टोअरकीपर त्या पडद्याला "भाऊंचा पोपट" म्हणायचे.

हे निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणाला घेतलंच नाही. पडदा बडबडत राहिला आणि वाचायला कुणी नाही. मग यंत्रांचं सगळं क्लाउडवर आणायचं ठरलं, जाहिरात आली, आणि निवड झाली ती नेमकी आमच्या सूनबाईची. घरात पेढे वाटल्यासारखा आनंद व्हायचा, तर ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांना वाटलं, कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्याशी थेट बोलायचे नाहीत. आम्हाला लेक नाही, त्यामुळे 'लेकी बोले सुने लागे' करायला त्यांना मीच मिळाले. "अगं, ऐकलंस का, हल्ली यंत्रांच्या चहाड्या करायलाही पगार मिळतो म्हणे." मी म्हणायचे, "मला काय सांगता, ती समोर बसलीय." मग हे पेपरात तोंड घालायचे.

ह्यांच्या प्रोग्रामच्या ओळींना रंग द्यायची वेळ आली तेव्हा सूनबाई एका सकाळीच उरकून मोकळी झाली. खूश होती. मला म्हणाली, "बाकीच्यांच्या ओळींना जाडजूड पुस्तकं उघडून अर्थ शोधावा लागतो. बाबांचं सगळं सरळ मराठी. विचारायचं काय त्यात?" 'उकडतंय' लाल. 'दार लावा' पिवळा. 'बरं आहे' हिरवा. रोज पहाटे प्रोग्राम स्वतःला एकदा झटकून घ्यायचा, तेव्हा दोन ओळी लागोपाठ यायच्या, आधी 'येतो' आणि लगेच 'आलो'. तिने 'येतो'ला लिहिलं, सुरू होत आहे, पिवळा. 'आलो'ला लिहिलं, सुरू झाला, हिरवा. रोज पहाटे प्रत्येक खोली क्षणभर पिवळी दिसायची आणि हिरवी व्हायची. मॅनेजरबाईंनी तिचं कौतुक केलं. ह्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "मला एका शब्दानं विचारलं नाही तिनं. एका शब्दानं!" मी म्हटलं, "मग तुम्ही सांगा आपण होऊन." तर म्हणाले, "मी कशाला सांगू?"

असे दोघे एका टेबलावर जेवायचे, आणि मीठ माझ्या हातून एकमेकांना द्यायचे.

त्या दिवशी सूनबाई घरूनच काम करत होती. दुपारी स्टोअरकीपरचा फोन आला. एका थंड खोलीत खोके काढायला म्हणून ते गेले, दार उघडलं, तर आत ऊब! तिने धावत पडदा उघडला. बाकीच्या खोल्या हिरव्या. ती एक खोली पिवळी. "सुरू होत आहे." सकाळपासून सुरूच होत होती. पिवळा रंग रोज पहाटे दिसायचा, म्हणून कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. खोलीच्या बोर्डातली एक वायर जळली होती, थंडावा गेला होता, आणि त्याबरोबर ह्यांचा प्रोग्राम चालवणारं खोलीतलं यंत्रही बंद. 'उकडतंय' म्हणणाराच बंद पडल्यावर म्हणणार कोण?

लशींचे खोके बाजूला काढून तपासायला पाठवले. किती वाया जाणार ते कळायला अवकाश होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग ठरली, आणि मॅनेजरबाईंनी आदल्या दिवशीच कळवून टाकलं की जुना प्रोग्राम आता काढायचा, त्याने वेळेवर आवाज दिला नाही. सूनबाईची नोकरी अजून कच्ची होती. पक्की व्हायचा कागद त्याच महिन्यात निघायचा होता.

ह्यांना ते कळलं स्टोअरकीपरकडून. "भाऊ, तुमचा पोपट झोपला हो," एवढंच ते म्हणाले, तेही मायेनेच. पण हे फोन ठेवून खुर्चीत जे बसले ते बसलेच. माणूस आजारी पडला तर त्याच्या कपाळावर हात ठेवता येतो. ह्यांना काय झालं होतं ते मला दिसत होतं आणि हात कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाले, "मुलांना टोचायच्या लशी होत्या गं त्या." मी चहा केला, तो तसाच पडून राहिला.

दिवेलागणीला आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी होतो. जेवण झाकलेलंच. सूनबाई लॅपटॉपमध्ये डोकं घालून त्या खोलीच्या ओळी वर-खाली करत होती. मग तिने कधी नव्हे ते सरळ ह्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा, एक विचारू?"

"विचार. आता विचारून काय होणार आहे?"

"तुमचा प्रोग्राम 'येतो' म्हणाला, की 'आलो' म्हणायला त्याला साधारण किती वेळ लागतो?"

"ते मी कसं सांगणार? लाइट कधी येते त्यावर आहे."

"लाइटचा काय संबंध? सुरू व्हायला लागला म्हणजे लाइट असणारच ना."

"सुरू व्हायला कुठे लागलाय? बंद होतोय तो."

"कोण बंद होतोय?"

"अगं, जो 'येतो' म्हणाला तो!"

सूनबाईने लॅपटॉपवरचे हात उचलले. "बाबा, बंद होणारा 'येतो' कशाला म्हणेल?"

"मग काय म्हणेल? 'जातो'?" हे चिडलेच. "तू सकाळी घरातून बाहेर पडताना काय म्हणतेस?"

ती अगदी हळू म्हणाली, "येते."

"झालं तर मग! वीज गेली की बॅटरीवर त्याला थोडासा वेळ मिळतो. तेवढ्यात तो आपलं सगळं आवरतो, 'येतो' म्हणतो आणि बंद होतो. वीज आली की म्हणतो 'आलो'. पहाटे तो स्वतःच बंद होऊन उठतो, म्हणून दोन्ही एकापाठोपाठ येतात. मला 'जातो' लिहवेना. लशींच्या खोलीत 'जातो' काय लिहायचं? काय वाटेल ते!"

मी तिथे वाट्या मांडत होते, मी हातातली वाटी खाली ठेवली. आपल्या भाषेतला सगळ्यात साधा शब्द. रोज दारात उभं राहून आपण तो म्हणतो आणि चालते होतो. पडद्यावर दिसला, पुढे 'आलो' लागलेला, आणि एवढ्या शिकलेल्या मुलीने त्याचा उलटा अर्थ लावला. मीही तोच लावला असता. ध चा मा झाला होता, आणि तोही कुणी काही न बदलता.

ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. मग ताडकन उठले. "म्हणजे त्याने सांगितलं होतं! सकाळीच सांगितलं होतं त्याने, 'येतो' म्हणून!" चेहरा असा फुलला की काय सांगू. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी तो इतका फुललेला पाहिला नव्हता. आणि तेवढ्यात त्यांची नजर सूनबाईकडे गेली. ती पडद्याकडे बघत होती. पडद्यावर तिचीच ओळ होती, "सुरू होत आहे". हे खाली बसले.

मग हे म्हणाले, आणि हे थेट तिला म्हणाले, मला नाही, "उद्या यातलं काही सांगू नकोस. प्रोग्राम जुनाट झालाय, आज ना उद्या काढणारच होते. माझं काय, मी घरी बसलेला माणूस. तुझी नोकरी अजून कच्ची आहे."

मीही म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. ऐक त्यांचं." आणि मी ते मनापासून म्हटलं. परक्या बाईंसमोर आमच्या घरच्या मुलीने मान खाली घालावी, हे मला नको होतं. प्रोग्रामचं काय, त्याला कुठे पोटपाणी आहे?

सूनबाईने डोळे पुसले, तेही ओढणीने नाही, टेबलावरच्या फडक्याने. "बाबा, यंत्र खरं बोललं आणि मला ते कळलं नाही, हे आज झालं. उद्या मला कळलेलं असून मी खोटं बोलले, तर मग मी तिथे गोळा काय करतेय? सगळ्यांच्या कागाळ्या लिहायच्या आणि आपलीच तेवढी लपवायची?"

यावर माझ्याकडे म्हण नव्हती. हे म्हणाले, "जेवून घे." ती म्हणाली, "तुम्ही पण." आणि मीठ त्यांनी स्वतः तिच्याकडे सरकवलं.

मीटिंग सकाळी तिच्या लॅपटॉपवर होती, पुढच्या खोलीत. मला तिथलं कपाट पुसायचं होतं. खरं तर ते आदल्या दिवशीच पुसलं होतं, पण माझ्या घरातलं कपाट मी किती वेळा पुसावं हे मी ठरवणार. मॅनेजरबाई जुन्या प्रोग्रामविषयी बोलायला लागल्या, तशी सूनबाईने त्यांना मध्येच थांबवलं. तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. 'येतो' म्हणजे काय, तिने काय लिहिलं, पिवळा का दिला, लाल का आला नाही. शेवटी म्हणाली, "यंत्राने निरोप दिला होता. मी तो उलटा वाचला."

मी एकच कप्पा पुन्हा पुन्हा पुसत होते.

मग मॅनेजरबाई म्हणाल्या, "मी पण तो पडदा रोज बघत होते. मलाही सुरू होतोय असंच वाटलं." आणि त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"ज्यांनी लिहिलंय त्यांनी. माझे सासरे."

"ते आहेत का तिथे?"

हे मोरीच्या दारात उभे होते, एका गालावर साबण, अंगात बनियन, हातात रेझर. दाढी करता करता ऐकत होते, हे मला आत्ता कळलं. मी खुणेने म्हटलं, शर्ट घाला! कुठला शर्ट नि कुठलं काय, तसेच जाऊन लॅपटॉपसमोर उभे राहिले.

"बाई, चूक तिची एकटीची नाही," हे म्हणाले. "आम्ही एका घरात राहतो. एका टेबलावर जेवतो. हिने विचारलं नाही, ते बरोबर. पण शब्दांचे अर्थ मला ठाऊक होते आणि मी रुसून बसलो होतो. ती मला बाबा म्हणते, बाई. मी तिला हाकसुद्धा मारत नव्हतो."

मी ह्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली. चूक कबूल करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते, आणि तेही अर्ध्या दाढीने.

मॅनेजरबाईंनी निकाल दिला तो मला अगदी सगळाच आवडला नाही. सूनबाईची नोकरी पक्की व्हायचा कागद आणखी काही महिन्यांवर गेला. प्रोग्राम मात्र आहे तसा ठेवायचा, आणि त्यातला प्रत्येक शब्द लिहिणाऱ्याला विचारून मग रंग द्यायचा. काही दिवसांनी खोके तपासून आले. बरेचसे चांगले निघाले, थोडे फेकावे लागले. ते थोडे सूनबाईच्या मनात अजून आहेत, तिने बोलून दाखवलं नाही तरी मला कळतं.

मीटिंगच्याच दिवशी दुपारी दोघं टेबलाशी बसले, खुर्चीला खुर्ची लावून. ह्यांनी चष्मा चढवला आणि एकेक शब्द पुढे आला. "हे नुसतं 'बरं' कशाला आहे?" सूनबाईने विचारलं. "मी याला हिरवा दिलाय. 'बरं आहे'चाच भाऊ वाटला मला."

"छे छे! खोली ओरडत असताना कुणी गजर बंद केला, की तो म्हणतो 'बरं'. म्हणजे ऐकलं तुमचं, पण पटलेलं नाही."

सूनबाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आई म्हणतात तसं?"

"अगदी तसंच," हे म्हणाले. 'बरं' तिथल्या तिथे पिवळा झाला. मी काही बोलले नाही. म्हणजे, बरं म्हटलं.

असं करत करत शेवटी 'येतो' आला. आता त्याच्यापुढे लिहिलं होतं, "बंद झाला आहे, परत येणार आहे". प्रश्न राहिला तो एवढाच की तो गेल्यावर वाट किती वेळ बघायची, आणि लाल करून माणसाला धावायला कधी लावायचं.

"अर्धा तास धर," हे म्हणाले. "वीज जाते-येते. उगाच कुणाचा जीव घाबरा करू नये. 'येतो' म्हणालाय, येईल."

"अर्धा तास फार होतो, बाबा."

"माणसाने 'येतो' म्हटल्यावर इतका तरी विश्वास ठेवावा."

मी फाटलेल्या उशीच्या अभ्र्याला टाका घालत होते. मी म्हटलं, "त्यांना काय विचारतेस? जो 'येतो' म्हणून जातो, त्याला वाट बघण्यातलं काय कळतंय? मला विचार."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुझे सासरे रोज संध्याकाळी 'खोल्या बघून येतो' म्हणून जायचे. कधी लगेच यायचे, कधी जेवण गार व्हायचं, कधी मुलगा झोपून जायचा. एकदा विजेचा झटका बसून दवाखान्यात होते, तरी मला कळलं ते दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून. मी त्यांचा चहा ओतून झाकून ठेवायचे. चहा गरम आहे तोवर मी निवांत असायचे. तो निवला, की मग माझं कशात लक्ष लागायचं नाही. तेवढाच वेळ दे त्याला. चहा निवेपर्यंत."

सूनबाई उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि थोड्या वेळाने वाफाळता कप आणून तिने टेबलावर ठेवला. वर बशी झाकली. घड्याळ लावून बसली. मला वाटलं थट्टा करतेय. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

हे त्या झाकलेल्या कपाकडे बघत होते. मग म्हणाले, "रोज?"

"रोज."

"मग गोदामात एखादा फोन का नाही केलास कधी?"

"केला असता," मी म्हटलं, "तर तुम्ही 'हा आलोच' म्हणाला असता."